डेस्कटॉप कॉम्प्युटर सुरक्षितपणे कसा खोलावा आणि आतला प्रत्येक भाग कसा ओळखावा

कॅबिनेटमधला प्रत्येक भाग कशाने तरी अडकवलेला असतो. कुठे स्क्रू असतो, कुठे खटका, कुठे तरफ, कुठे फिरवायची पिन. तो अडकाव सुटला की भाग दोन बोटांनी निघतो. म्हणून खोलताना जोर लावावा लागतोय असं जाणवलं की हात थांबवायचा आणि टॉर्च मारून बघायचं, कारण कुठला तरी अडकाव सुटायचा राहिलेला असतो. डिस्कच्या सॅटा जोडणीचा तुटलेला प्लॅस्टिक दात, प्रोसेसरच्या सॉकेटमधल्या वाकलेल्या पिना, बोर्डावरून उपटून आलेला यूएसबी हेडर (समोरच्या यूएसबी पोर्टची केबल जिथे बसते ती जोडणी) ही नुकसानं घाईने ओढल्यामुळे होतात.

इथे डोळ्यासमोर धरला आहे तो दुकानातून जोडून घेतलेला मिड-टॉवर पीसी: एटीएक्स किंवा मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड, इंटेलचा किंवा एएमडी एएम४ सॉकेटचा प्रोसेसर, ग्राफिक कार्ड, एक हार्ड डिस्क आणि एक एसएसडी. ऑफिसमधून निघालेली डेल, एचपीची सेकंडहँड मशीन जिथे वेगळी वागतात, तिथे तसं सांगितलं आहे.

मशीन चालू असतानाच करायची कामं

पहिलं काम बॅकअप. दुसरं काम बरेच जण विसरतात: विंडोज ११ असलेल्या पुष्कळ मशीनवर डिस्क एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं. बायोस (मशीन सुरू करणारं, मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) रीसेट झालं किंवा मदरबोर्ड बदलला, तर पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधीच शोधून कागदावर लिहून ठेवा. ती मिळाली नाही तर डिस्क धडधाकट असूनही डेटा गेला.

मग बायोसमध्ये जाऊन मोबाईलवर फोटो काढा. सॅटा मोड एएचसीआय आहे की रेड, बूट यूईएफआय आहे की लीगसी, बूटचा क्रम काय आणि रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) चालू आहे का, एवढं फोटोत यायला हवं. मदरबोर्डवरचा सेल काढला की ही सगळी सेटिंग्ज कारखान्यातल्या स्थितीला जातात. सॅटा मोड बदलला तर विंडोज सुरूच होत नाही आणि सगळे डिस्क खराब झाली असं समजतात.

विंडोजच्या 'सिस्टिम इन्फर्मेशन'मधून मदरबोर्डचं नाव, प्रोसेसर, रॅम आणि बायोसची आवृत्ती टिपून घ्या. पुढे हातात आलेला भाग या यादीशी पडताळता येतो.

एएम४ प्रोसेसर असेल आणि कूलरही (प्रोसेसरला थंड ठेवणारा पंखा) काढायचा असेल, तर बंद करण्याआधी १०-१५ मिनिटं एखादा जड प्रोग्राम चालवा. कारण प्रोसेसरच्या भागात येईलच.

हत्यारं आणि जागा

चुंबकी टोकाचा २ नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर नव्वद टक्के काम करतो. एम.२ एसएसडीच्या बारीक स्क्रूला १ किंवा ० नंबरचा लागतो. तिथे मोठा ड्रायव्हर लावला की स्क्रूचं डोकं घासून गुळगुळीत होतं. एचपीच्या ऑफिस मशीनमध्ये टी१५ टॉर्क्स स्क्रू असतात. त्यांच्या डोक्यात बहुधा चपट्या ड्रायव्हरसाठीही खाच असते, तरी टॉर्क्स असलेला बरा. याशिवाय रंगाचा नवा कोरडा एक इंची ब्रश, टॉर्च, मास्किंग टेप, पेन, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोरे न सुटणारा फडका आणि थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि कूलर यांच्या मध्ये लावायची उष्णतावाहक पेस्ट. पेस्ट घरात नसेल तर कूलरला हात लावू नका. जुनी पेस्ट एकदा सुटली की तीच परत चालत नाही.

टेबल लाकडी असावं. गालिचा, गादी, चादर यांवर हे काम करू नये. नायलॉन किंवा पॉलिस्टरचे कपडे, लोकरीचा स्वेटर टाळा.

स्थिर विजेबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. माणसाला ठिणगी जाणवते ती साधारण ३००० व्होल्टच्या पुढे. चिपला इजा व्हायला त्याच्या कितीतरी कमी पुरतं. झटका बसला नाही म्हणजे काही झालं नाही, असं नसतं. हवा जितकी कोरडी, तितका धोका जास्त. कोकणात भर पावसाळ्यात तो कमी असतो. विदर्भ-मराठवाड्यात हिवाळ्यात किंवा एसी खोलीत बराच वाढतो. मनगटाच्या अँटिस्टॅटिक पट्ट्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो, म्हणून तो साध्या तारेपेक्षा सुरक्षित. त्याची क्लिप कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला लावा. रंगावर लावली तर उपयोग शून्य. पट्टा नसेल तर प्रत्येक भागाला हात लावण्याआधी एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, उघड्या पत्र्याला हात टेकवा.

आर्थिंग मिळावं म्हणून केबल भिंतीवरच्या सॉकेटमध्ये ठेवून फक्त बटण बंद करा, असा सल्ला काही ठिकाणी दिसतो. आपल्याकडच्या घरांत तो पाळू नये. आर्थिंगची तार जोडलेलीच नाही किंवा फेज-न्यूट्रल उलटे आहेत, अशी विजेची बोर्डं भरपूर आहेत. उलट्या वायरिंगमध्ये बटण बंद असतानाही फेज आतपर्यंत पोचलेला असतो. तुमच्यात आणि कॅबिनेटमध्ये व्होल्टेजचा फरक नसणं महत्त्वाचं, आणि ते पत्र्याला हात टेकवून साधतं.

वीज तोडण्याचा क्रम

१. विंडोजमधून नीट शटडाउन करा. स्लीपमध्ये टाकलेलं मशीन बंद दिसतं, पण रॅमला वीज चालू असते.

२. एसएमपीएसच्या मागचं बटण शून्याच्या बाजूला करा.

३. पॉवर केबल एसएमपीएसमधूनच उपसा. यूपीएस असेल तर हे विशेष जरुरीचं: भिंतीवरचं बटण बंद केलं तरी यूपीएस बॅटरीवरून २३० व्होल्ट देतच राहतो.

४. मॉनिटर, लॅन, यूएसबी, स्पीकर, सगळ्या केबल काढा. चालू मॉनिटरची एचडीएमआय केबल लटकत ठेवू नका.

५. आता कॅबिनेटचं पॉवर बटण १० सेकंद दाबून धरा. पंखा क्षणभर हलला तर उरलेला चार्ज निघून गेला असं समजा.

६. मदरबोर्डवरचा दिवा पूर्ण विझल्याशिवाय आत हात घालू नका. पीसी बंद असतानाही एसएमपीएस ५ व्होल्टची स्टँडबाय वीज बोर्डाला देत असतो. तो दिवा त्यावरच जळतो. या अवस्थेत रॅम उपसली तर रॅम आणि स्लॉट दोन्ही जाऊ शकतात.

एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडायचा नाही. २३० व्होल्ट एसीचं आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतं, पीएफसी सर्किट असेल तर त्याहून जास्त, आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये ते केबल काढल्यावरही टिकून राहू शकतं. एसएमपीएस बिघडला तर अख्खा बदलायचा.

झाकण आणि फोटो

समोरून पाहिलं की बहुतेक कॅबिनेटमध्ये डावीकडचं झाकण काढायचं असतं. मागचे दोन स्क्रू काढा, झाकण एक-दोन सेंटिमीटर मागे सरकवा आणि मग बाहेर घ्या. काचेचं झाकण असेल तर कॅबिनेट आधी आडवं करा आणि शेवटचा स्क्रू काढताना काचेला हाताचा आधार द्या. ही काच सपाट पृष्ठभागावर दणकट असते, पण तिचा कोपरा फरशीवर टेकला की क्षणात चुरा होतो. डेलच्या ऑफिस मशीनमध्ये हाताने उघडायचे खटके निळे असतात, एचपीमध्ये हिरवे. तिथे स्क्रू शोधत बसू नका.

कॅबिनेट आडवं ठेवा, मदरबोर्ड वर तोंड करून दिसेल असं. मग फोटो: एक संपूर्ण आतला भाग, एक खालच्या कोपऱ्यातल्या बारीक वायरींचा अगदी जवळून, एक सॅटा पोर्टच्या आकड्यांचा, एक रॅम कुठल्या स्लॉटमध्ये आहे त्याचा आणि एक पंख्यांच्या दिशेचा. प्रत्येक केबलला मास्किंग टेपचा तुकडा लावून नाव लिहा.

स्क्रूंचे मुख्य दोन प्रकार हाती येतील. जाड आट्याचे ६-३२: झाकण, एसएमपीएस आणि साडेतीन इंची हार्ड डिस्कचे. बारीक आट्याचे एम३: अडीच इंची एसएसडी आणि डीव्हीडी ड्राइव्हचे. मदरबोर्डला यातला कुठलाही असू शकतो. हे वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा. जाड आट्याचा स्क्रू एसएसडीत पिळला तर आटेच झिजतात.

ग्राफिक कार्ड

सगळ्यात आधी हेच काढायचं, कारण ते इतर सगळ्यावर आडवं येतं. कार्डाला वरून ६ किंवा ८ पिनची वीज जोडलेली असेल तर तिचा खटका दाबून ती काढा. केबल धरून ओढू नका, प्लास्टिकचा कनेक्टर धरा. मागच्या पट्टीचे एक-दोन स्क्रू काढा. आता कार्डाच्या खाली, स्लॉटच्या आतल्या टोकाला एक लहान प्लास्टिकचा खटका आहे. तो दाबल्याशिवाय कार्ड येत नाही, आणि तो दाबायचा राहिला म्हणूनच स्लॉट फाटतात. मोठ्या कार्डाखाली बोट पोचत नसेल तर प्लास्टिकची पट्टी किंवा लाकडी काडी वापरा, लोखंडी ड्रायव्हर नको; तो सटकला की बोर्डावरच्या रेषा कापतो. कार्ड दोन्ही टोकांना धरून सरळ वर उचला.

ओळख: लांब पीसीआय एक्सप्रेस एक्स१६ स्लॉटमध्ये बसलेलं, पंखा आणि हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) असलेलं, मागे एचडीएमआय किंवा डिस्प्ले पोर्ट असलेलं ते ग्राफिक कार्ड. स्लॉट स्वतः ७५ वॅटपर्यंत वीज देतो. ६ पिनची जोडणी आणखी ७५ आणि ८ पिनची १५० वॅट. वीजजोडणीच नसलेलं कार्ड म्हणजे ७५ वॅटच्या आतलं. छोट्या एक्स१ स्लॉटमध्ये बहुधा वाय-फाय, लॅन किंवा साउंड कार्ड असतं. वाय-फाय कार्डाचे अँटेना मागून आधी सोडवून घ्या.

केबली

मदरबोर्डची मुख्य वीज २४ पिनच्या रुंद कनेक्टरने येते. त्याच्या एका बाजूला खटका असतो. तो अंगठ्याने दाबून धरा, दुसऱ्या हाताने बोर्डाची कड आधाराला धरा आणि कनेक्टर हलकेच डावी-उजवीकडे डोलवत वर काढा. प्रोसेसरची वीज वेगळी असते: वरच्या कोपऱ्यात ४ किंवा ८ पिन. त्या अरुंद जागेत बोटं जात नाहीत, म्हणून ती काढायची राहते आणि मग बोर्ड उचलताना ताण येतो.

तारांना रंग असतील तर एसएमपीएसची भाषा वाचता येते. पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३, जांभळी ५ व्होल्ट स्टँडबाय, हिरवी चालू करण्याचा इशारा देणारी, काळ्या सगळ्या ग्राउंड. पुष्कळ नव्या एसएमपीएसमध्ये सगळ्या काळ्याच असतात, तिथे कनेक्टरच्या आकारावरून ओळखायचं. डेल-एचपीच्या काही मॉडेलांत २४ पिनऐवजी स्वतःचे ६ किंवा ८ पिनचे कनेक्टर असतात. त्यांना बाजारातला साधा एसएमपीएस थेट बसत नाही.

केबली सुट्या होणारा मॉड्युलर एसएमपीएस असेल तर त्याच्या केबली त्याच्याबरोबरच एका पिशवीत ठेवा. डब्याकडच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रमाणित नाही. दुसऱ्या कंपनीची केबल त्याच भोकात घट्ट बसते, आणि हार्ड डिस्कला ५ च्या जागी १२ व्होल्ट देऊन ती जाळते.

यूएसबी ३ चा समोरचा कनेक्टर जाड, निळा किंवा काळा, १९ पिनचा. हा सगळ्यात दगाबाज. तो घट्ट बसतो आणि तिरका ओढला की बोर्डावरची प्लास्टिकची चौकटच सोबत येते, पिना वाकतात. दोन्ही बाजूंनी नखाने आळीपाळीने थोडं थोडं उचकत सरळ वर घ्या.

आता खालच्या कोपऱ्यातल्या बारीक वायरी. बहुतेक बोर्डांवर त्यांची जागा दोन रांगांची, ९ पिनांची असते. दहावी पिन मुद्दाम ठेवलेली नसते, त्यावरून दिशा कळते. १ आणि ३ वर हार्ड डिस्कचा दिवा, २ आणि ४ वर पॉवरचा दिवा, ५ आणि ७ वर रीसेट, ६ आणि ८ वर पॉवर बटण. दिव्यांना उलट-सुलट बाजू असते, बटणांना नसते. दिवा उलटा लागला तर फक्त पेटत नाही, जळत नाही. तरीही बोर्डाच्या मॅन्युअलमधली आकृती पाहून खात्री करा, कारण ब्रँडेड मशीनमध्ये ही मांडणी वेगळी असते.

डिस्क

साडेतीन इंची हार्ड डिस्क हाताला जड लागते. बंद केल्यावर तिच्या आतल्या तबकड्या थांबायला १५-२० सेकंद लागतात, तेवढं थांबूनच हलवा. सॅटाच्या दोन जोडण्या असतात: ७ पिनची अरुंद डेटाची आणि १५ पिनची रुंद विजेची. दोन्हींचा आकार इंग्रजी 'एल'सारखा. डेटा केबलला लोखंडी पत्रीचा खटका असेल तर तो दाबूनच काढा, आणि कनेक्टर सरळ मागे ओढा. वर-खाली हलवलं तर डिस्कवरचा 'एल' तुटतो आणि चांगली डिस्क निकामी होते. डिस्क टेबलावर आपटू नका, वरच्या श्वासछिद्रावर चिकटपट्टी लावू नका, झाकण कधीच उघडू नका. लेबलवर क्षमता आणि बहुधा फेरे असतात: ५४०० किंवा ७२०० प्रति मिनिट.

अडीच इंची एसएसडी हलकी, सपाट, बिनआवाजाची. एम.२ एसएसडी मदरबोर्डवरच आडवी झोपलेली असते, कधी हीट सिंकच्या पट्टीखाली. टोकाचा एक स्क्रू काढला की ती स्वतःच २०-३० अंशांत वर उठते. त्याच तिरक्या दिशेने बाहेर ओढा. एसएसडीवर बहुधा २२८० लिहिलेलं असतं, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. सोनेरी कडेवर दोन खाचा असतील तर ती बहुधा सॅटा प्रकारची, एकच असेल तर बहुधा एनव्हीएमई, म्हणजे सॅटापेक्षा वेगवान प्रकारची. पक्कं उत्तर लेबलवरच्या मॉडेल नंबरमधून मिळतं. तो बारीक स्क्रू आणि त्याखालचा पितळी खुंट लगेच कागदाला टेपने चिकटवून ठेवा. हरवला तर तो स्क्रू साध्या हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळत नाही.

एसएमपीएस आणि मदरबोर्ड बाहेर काढणं

एसएमपीएस मागच्या बाजूला चार स्क्रूंनी धरलेला असतो. जुन्या कॅबिनेटमध्ये तो वर असतो. तिथे चौथा स्क्रू काढताना खालून हात लावला नाही तर तो थेट प्रोसेसरच्या कूलरवर कोसळतो. बाजूच्या लेबलवर एकूण वॅटपेक्षा १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर दिले आहेत ते बघा. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड त्यावरच चालतात. डब्यावर ५०० वॅट आणि १२ व्होल्टवर जेमतेम १८ अँपिअर, म्हणजे २१६ वॅट, असं दिसलं तर ते ५०० खरं धरू नका.

मदरबोर्डला एटीएक्समध्ये साधारण ९ स्क्रू, मायक्रो-एटीएक्समध्ये ६ ते ८, मिनी-आयटीएक्समध्ये ४. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ बाय २४४, मिनी-आयटीएक्स १७० बाय १७०. कूलर, प्रोसेसर आणि रॅम बोर्डावरच ठेवून बोर्ड उचला, बाहेर सपाट जागेवर ते काढणं सोपं जातं. सगळे स्क्रू निघाले का ते बोर्डाच्या मध्यभागीही बघा. मधला एक हमखास राहतो. बोर्ड आधी एक सेंटिमीटर पुढच्या बाजूला सरकवा, म्हणजे मागचे पोर्ट आय-ओ पट्टीच्या भोकांतून सुटतील, मग दोन्ही कडांनी वर घ्या. कूलर धरून उचलू नका. अँटिस्टॅटिक पिशवीची बाहेरची बाजू विद्युतवाहक असू शकते. ठेवायचंच तर बोर्डाच्या खोक्यावर किंवा कोऱ्या पुठ्ठ्यावर ठेवा.

बोर्डाखाली कॅबिनेटमध्ये पितळी खुंट दिसतील. प्रत्येक खुंट बोर्डाच्या भोकाखालीच हवा. नवा बोर्ड बसवताना जुना जादा खुंट तसाच राहिला, तर तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करतो, आणि मशीन सुरू होऊन लगेच बंद पडतं.

रॅम

स्लॉटच्या एका किंवा दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर ढकला, पट्टी स्वतः वर येते. सोनेरी कडेला बोट लावू नका. डीडीआर३ ला २४० पिना आणि १.५ व्होल्ट, डीडीआर४ ला २८८ आणि १.२, डीडीआर५ ला २८८ आणि १.१. तिघांची मधली खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. बसत नसेल तर बसवूच नका. लेबलवर 'पीसी४-२१३००' असं असेल तर ४ म्हणजे डीडीआर४, आणि २१३०० ला ८ ने भागलं की जवळपास वेग मिळतो: २६६२, म्हणजे बाजारातला २६६६. 'पीसी३-१२८००' म्हणजे डीडीआर३, १६००.

कडा काळवंडल्या असतील तर आयसोप्रोपिल लावलेल्या फडक्याने पुसा. खोडरबर घासायची पद्धत सर्रास आहे, पण सोन्याचा थर फार पातळ असतो, आणि रबराचे कण स्लॉटमध्ये जाऊन बसतात. अल्कोहोलने निघालंच नाही तर मऊ पांढरा खोडरबर, हलक्या हाताने, एकदाच.

कूलर आणि प्रोसेसर

पंख्याची ४ पिनची वायर आधी काढा. इंटेलच्या कंपनीकडच्या कूलरला चार काळ्या पिना असतात. त्यांच्या डोक्यावर बाण असतो. बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवा आणि वर ओढा. एक पिन, मग तिच्या समोरची तिरपी. परत बसवताना याच चारही पिना उलट फिरवून मूळ जागी आणाव्या लागतात, मगच दाबायच्या. फिरलेल्या स्थितीत दाबली तर 'कट' असा आवाज येतो खरा, पण पिन धरत नाही. चारपैकी एकही पिन सुटी राहिली की प्रोसेसर काही मिनिटांत शंभर अंशांजवळ जातो आणि मशीन बंद पडू लागतं.

एएम४ मध्ये खरी परीक्षा आहे. पिना प्रोसेसरला असतात, १३३१, आणि सॉकेटवर वरून दाबणारी पत्र्याची चौकट नसते. वाळलेली पेस्ट कूलरला इतकी चिकटते की कूलर सरळ ओढला तर बंद सॉकेटमधून प्रोसेसरच उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणूनच सुरुवातीला मशीन तापवायचं. स्क्रू किंवा तरफ सोडवल्यावर कूलर डावी-उजवीकडे थोडा थोडा पिळा, पेस्ट सुटल्याचं हाताला कळतं, मग उचला. स्क्रूचा कूलर असेल तर चारही स्क्रू निघाल्यावर मागची पट्टी खाली पडते, तिला हात धरा.

प्रोसेसर काढण्याआधी पेस्ट पुसून घ्या, म्हणजे ती सॉकेटमध्ये जाणार नाही. नंतर तरफ थोडी बाहेर घेऊन वर उचला. एएम४ चा प्रोसेसर कडांनी धरून सरळ वर घ्या. इंटेलच्या एलजीए सॉकेटमध्ये पिना सॉकेटला असतात आणि केसासारख्या नाजूक. प्रोसेसर काढल्याबरोबर प्लास्टिकचं झाकण लावा. त्या उघड्या सॉकेटवर काही पुसू नका, फुंकर मारू नका, बोट नेऊ नका. टॉर्च तिरका धरून बघितलं तर वाकलेली पिन वेगळी चमकते.

ओळख प्रोसेसरच्या टोपीवर कोरलेली असते. आय५-६५०० सहाव्या पिढीचा, आय५-१०४०० दहाव्या. सहावी ते नववी पिढी एलजीए ११५१, पण त्यातही सहावी-सातवी आणि आठवी-नववी यांचे बोर्ड वेगळे. आकार सारखा असला तरी एकमेकांत चालत नाहीत. दहावी-अकरावी एलजीए १२००, बारावी ते चौदावी एलजीए १७००. एएमडीने २०२२ मध्ये एएम५ आणला, त्यात पिना सॉकेटकडे गेल्या.

मदरबोर्डवर काय काय दिसतं

मॉडेलचं नाव बहुधा पीसीआय स्लॉटच्या मधोमध किंवा रॅमजवळ मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, आणि कोपऱ्यात आवृत्ती, उदाहरणार्थ १.०. बायोस डाउनलोड करताना आवृत्तीही जुळावी लागते. प्रोसेसरभोवती चौकोनी ठोकळे म्हणजे कॉइल, त्यांच्याशेजारी लहान काळे मॉस्फेट आणि उभे दंडगोल कपॅसिटर: एसएमपीएसच्या १२ व्होल्टचं प्रोसेसरला लागणाऱ्या साधारण १ ते १.४ व्होल्टमध्ये रूपांतर हे करतात. कपॅसिटरचं डोकं फुगलेलं किंवा तपकिरी रस आलेला दिसला तर बोर्डाचं दुखणं तिथेच आहे. खालच्या भागातल्या छोट्या हीट सिंकखाली चिपसेट. आठ पायांची लहान चिप बहुधा बायोसची.

नाण्यासारखा सेल सीआर२०३२, ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर व्यासाचा. घड्याळ मागे पडत असेल किंवा सेटिंग्ज विसरली जात असतील तर तो बदला. शेजारची पत्री मागे केली की उसळून वर येतो. लहान मूल घरात असेल तर जुना सेल टेबलावर सोडू नका. गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. थेट रुग्णालय गाठावं.

साफसफाई आणि परत जोडणी

धूळ गॅलरीत, तोंडाला रुमाल बांधून काढा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने अडवून धरा. वेगात फिरला तर बेअरिंग खराब होतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ नेऊ नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. उंदराचा वावर दिसला तर हातमोजे घालूनच काम करा.

जोडताना क्रम उलटा: प्रोसेसर, कूलर, रॅम, मग बोर्ड कॅबिनेटमध्ये. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवून तो नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. पेस्ट मध्यभागी वाटाण्याएवढी. जास्त घातली तर कडेने बाहेर येते. रॅम आणि २४ पिनचा कनेक्टर या जागी खरा जोर लागतो, खिट्टी आपोआप बंद होईपर्यंत. चार स्लॉट आणि दोन पट्ट्या असतील तर सहसा प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा स्लॉट. आय-ओ पट्टीची एखादी पत्री लॅन किंवा यूएसबीच्या भोकात शिरली नाही ना, ते बोर्डाला स्क्रू लावण्याआधी मागून बघा.

झाकण न लावता पहिल्यांदा चालू करा, फक्त आवश्यक भाग जोडून. पंखे फिरतात पण पडदा काळा असेल तर आधी रॅम पुन्हा दाबून बसवा, मग प्रोसेसरची ८ पिनची वीज बघा, मग मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डाला आहे की चुकून मदरबोर्डला, ते बघा. काहीच हलत नसेल तर एसएमपीएसचं मागचं बटण आणि पॉवर बटणाची ६-८ वरची वायर तपासा. अनेक नव्या बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक कार्ड), बूट असे चार दिवे असतात. जिथे दिवा अडकून राहतो, त्या भागाकडे वळा. डीडीआर५ असेल तर रॅम काढून घातल्यावरच्या पहिल्या बूटला काही मिनिटं काळा पडदा राहणं नेहमीचं आहे, तेवढ्यात वीज तोडू नका. सुरू झालं की बायोसमध्ये जाऊन सुरुवातीला काढलेल्या फोटोंप्रमाणे सॅटा मोड, बूटचा क्रम आणि तारीख लावा, प्रोसेसरचं तापमान पाच मिनिटं बघा. बायोसच्या पानावर ते साधारण ३५ ते ५० अंशांत स्थिर राहिलं तर कूलर नीट बसला आहे; सत्तरच्या पुढे चढतच राहिलं तर बंद करून कूलरच्या चारही पिना किंवा स्क्रू पुन्हा तपासा.